अॅल्युमिनियमवर चिकटवलेले कॉर्कचे उष्णतारोधक आवरण न उचकटता कसे तपासावे?

प्रश्न (चिंचोली एमआयडीसी, सोलापूर)
रॉकेटच्या भागांसाठी अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ५ मिमी कॉर्क इपॉक्सीने चिकटवून आम्ही नमुना पॅनेल तयार करीत आहोत. जाडी मोजण्याच्या अल्ट्रासॉनिक यंत्राला कॉर्कच्या बाजूने प्रतिध्वनी मिळत नाही, आणि माठ वाजवून घ्यावा तसे नाण्याने ठोकून पाहिले तर दोन कामगारांचे दोन निष्कर्ष निघतात. सुटलेली जागा खात्रीने कशी शोधावी?

उत्तर १
दोष यंत्राचा नाही. कॉर्कमधील हवा भरलेल्या सूक्ष्म पेशींमुळे मेगाहर्ट्झचा ध्वनी त्यातच विरतो, म्हणून काही दहा किलोहर्ट्झवर चालणारा बाँड टेस्टर (चिकटलेपणा तपासणारे यंत्र) वापरावा. थर्मोग्राफीही (पृष्ठभाग तापवून उष्णता-कॅमेऱ्याने पाहणे) चालेल, मात्र उष्णता आत पोहोचण्याचा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५ मिमीला साधारण दोन-तीन मिनिटे लागली, तर १० मिमीला चौपट लागतील. त्यामुळे क्षणिक फ्लॅशपेक्षा हॅलोजन दिव्यांनी सावकाश तापवणे बरे. आपल्याकडे मे महिन्यात तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली हे करू नये, छताचेच प्रतिबिंब कॅमेऱ्यात उतरते.

उत्तर २
मोठ्या पृष्ठभागासाठी मी शिअरोग्राफीला पसंती देईन. आवरणावरील हवेचा दाब किंचित कमी केला की सुटलेली जागा अतिसूक्ष्म फुगते आणि लेझरच्या चित्रात पट्ट्यांच्या रूपाने उमटते. कोणतीही पद्धत घ्या, आधी मुद्दाम दोष ठेवलेले पॅनेल बनवा. परंतु केवळ कॉर्कखाली टेफ्लॉनचे न चिकटणारे तुकडे घालून समाधान मानू नका, कारण खरा दोष नेहमी तसा वागतोच असे नाही.

उत्तर ३
२००३ मधील कोलंबिया अंतराळयानाच्या दुर्घटनेनंतर नासाने इंधनाच्या बाह्य टाकीवरील उष्णतारोधक फोमसाठी टेराहर्ट्झ लहरींची आणि बॅकस्कॅटर (मागे उसळणाऱ्या) क्ष-किरणांची तपासणी वापरली. त्यांतून फोममधील पोकळ्या दिसतात. पण दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असून चिकटलेले मात्र नसतील, तर तो दोष वरील बहुतेक सर्व पद्धतींना चकवतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात इपॉक्सी लवकर घट्ट होऊ लागते, आणि कॉर्क बसवायला उशीर झाला की नेमका हाच दोष राहतो.

प्रश्नकर्ता
मग त्या दोषावर उपाय काय?

उत्तर ३
पृष्ठभागाची तयारी आणि मिश्रणापासून दाब देईपर्यंतचा वेळ नोंदवावा, आणि त्याच मिश्रणातून बनवलेले छोटे नमुने ओढून तोडून पाहावेत. हे नमुने पॅनेलशेजारीच वाळवा, वातानुकूलित कार्यालयात नव्हे.