मदत हवी आहे : विंड कंट्रोलरवरची सनई पेटीसारखी सपाट वाजते

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याकडे राहतो, बासरी वाजवतो, गावच्या भजनी मंडळात साथीला असतो. हल्लीच अकाईचा ईडब्ल्यूआय यूएसबी हा विंड कंट्रोलर जुन्यात घेतला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : हे फुंकायचं वाद्य, पण त्याला स्वतःचा आवाज नाही. फुंकेचा जोर आणि बोटांच्या जागा केबलमधून लॅपटॉपला जातात आणि आवाज तिथल्या सॉफ्टवेअरमधून निघतो.

हे खूळ डोक्यात शिरलं त्याचं कारण सनई. गणपतीत आणि जत्रेच्या दिवसांत सनईवाल्यांना उसंत नसते, आमच्यासारख्या छोट्या मंडळाला ते मिळणार कुठून? आता अडचणी सांगतो.

एक म्हणजे, सँपलवाली (खऱ्या वाद्याचे सूर ध्वनिमुद्रित करून बनवलेली) सनई घेतली आहे, तिच्यात सूर लागतो तो एकाच जोराचा. फुंक हळू करा नाहीतर गाल फुगवा, फरक शून्य. पेटीचा भाता कोणीतरी दुसराच मारतोय असं वाटतं. म्हणून ऑडिओ मॉडेलिंग कंपनीच्या स्वॅम या सॉफ्टवेअरमधला ओबो वापरून पाहिला (सनई त्यात नाही, पण ओबो हे पाश्चात्य वाद्यही दुहेरी पत्तीचंच), तर तो बोलतच नाही. गंमत म्हणजे एका फुकट सिंथवर (इलेक्ट्रॉनिक आवाजाच्या सॉफ्टवेअरवर) हाच कंट्रोलर फुंकेबरोबर छान चढतो-उतरतो. म्हणजे सेन्सर मेलेला नाही.

दुसरं, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं. बासरीत बोट भोकावरून हळूच सरकवलं की काम होतं. इथे भोकं नाहीत, नुसत्या स्पर्शाच्या पट्ट्या. बोट एकतर आहे किंवा नाही.

तिसरं, फुंकल्यावर आवाज उशिरा येतो. विलंबित अभंगात चालून जातं, गजराला मृदंगाबरोबर पार वाट लागते. लॅपटॉप विंडोजचा, आवाज देवळातल्या ब्लूटूथ स्पीकरवर.

ज्यांनी विकला त्यांना विचारलं, तर म्हणाले नवीन मॉडेल घ्या. ते सोडून काहीही सुचवा.

कातळसडा :

तुमच्या पहिल्या तक्रारीबद्दल, म्हणजे सनई आणि ओबो दोन्हींबद्दल सांगतो. मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा) १९८३ पासूनचं आहे आणि त्यात प्रत्येक हालचालीला नंबर असतो. फुंकेसाठी २, एकूण व्हॉल्यूमसाठी ७, एक्स्प्रेशनसाठी (वाजवतानाच्या चढउतारासाठी) ११. तुमचा कंट्रोलर बहुतेक २ वर बोलतोय. स्वॅम मात्र मुळात ११ ची वाट बघत बसतं, तो नंबर हलल्याशिवाय ओबोला हवाच मिळत नाही. सँपल सनईचं वेगळं. ती कीबोर्डवाल्यांसाठी बनवलेली असते, सूर किती जोरात दाबला एवढंच पाहते. दाबून झालं की पुढे तुम्ही काय फुंकता याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आधी एखादा मिडी मॉनिटर (येणारे नंबर दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू करून फुंका आणि कोणता नंबर ० ते १२७ मध्ये हलतोय ते बघा. मग स्वॅममध्ये एक्स्प्रेशनला तोच नंबर शिकवा, किंवा कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन २ चा ११ करा. सँपल सनईत ११ ला व्हॉल्यूम जोडता येईल, पण त्याने फक्त आवाज लहानमोठा होईल. खऱ्या पत्तीत फुंक वाढली की सुराची धारही बदलते. ते हवं असेल तर स्वॅमसारखं, आवाज जागच्या जागी गणिताने घडवणारं वाद्यच लागेल. माझ्या मते ती सँपल सनई विसरा.

भरतीओहोटी :

अरे बाबा, तां ब्लूटूथ काढ आदी! नुसत्या ब्लूटूथमध्येच शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, मृदंगवाला थांबतलो काय तुझ्यासाठी? सरळ वायर घाल मिक्सरात. मग विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारा एएसआयओफोरऑल ड्रायव्हर टाक आणि बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे सोडतो, तां बघ. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रेटला ५१२ चा बफर म्हणजे साधारण ११.६ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे २.९. आवाज तडतडायला लागला तर २५६ वर ये.

सुरंगी :

मी पण बासरीवाली, म्हणून बोटांबद्दल लिहिते. या कंट्रोलरची बोटं सॅक्सोफोनसारखी असतात, ती बघून घाबरू नका. डाव्या हाताची तीन बोटं ठेवलीत की तिथे जी, म्हणजे पांढरी पाच. त्यालाच सा माना. बासरीतही तीन भोकं बंद म्हणजे साच. सहाही ठेवली की खालचा प, पाच ठेवली की ध, दोनवर रे, एकावर ग, सगळी उचलली की तीव्र म. सगळं जागच्या जागी! घोळ फक्त दोन सुरांत. चार बोटं ठेवलीत तर कोमल नी येतो. शुद्ध नीसाठी उजव्या हाताची तर्जनी उचलून मधलं बोट टेकवायचं. शुद्ध म साठी अर्धं भोक नाही, डाव्या हाताचं फक्त मधलं बोट ठेवा.

मींडीसाठी उजव्या अंगठ्याजवळच्या बेंडच्या (सूर वर-खाली वाकवायच्या) पट्ट्या. बेंडची मर्यादा सहसा दोन अर्धस्वर असते. ग वरून प ला जायचं तर तीन लागतात, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तीन-चार करा. बारा करू नका, अंगठा जरा हलला की सूर भलतीकडे. रे-ग सारख्या जवळच्या जोडीला डाव्या अंगठ्याकडची ग्लाइडची (सूर आपोआप सरकवणारी) पट्टी पुरते, वेळ मात्र कमी ठेवा. प्रत्येक सुरावर ती लावलीत तर ऐकवत नाही.

मूळ धागाकर्ता :

सगळ्यांचे आभार. मॉनिटरवर २ च हलत होता. स्वॅमला तो शिकवला आणि ओबो बोलला! अगदी हलक्या फुंकेला श्वासाची खरखर येते, मग सूर भरत जातो. सनई नव्हेच ती, पण भैरवीला चालून जाईल. वायर घातल्यावर मृदंगवालेही गप्प झाले. बुवांची गायची पट्टी काळी एक, म्हणून सहा अर्धस्वर खाली ट्रान्सपोज केलं आणि बोटं सुरंगीताईंनी सांगितली तशीच ठेवली. शुद्ध नी अजून हाताला बसत नाही.

एक नवीन विचारतो. पावसाळी हवेत बोटं चिकट असली की न टेकवताच सूर लागतात, मध्येच सप्तक उडी मारतं. यावर काय करता?

कातळसडा :

त्या पट्ट्या अंगातल्या विजेवर चालतात, घामाचा ओलावा त्यांना बोटासारखाच वाटतो. वाजवण्याआधी हात कोरडे करा, पट्ट्या सुक्या फडक्याने पुसा, बोटं उचलताना नीट वर उचला. उजवा अंगठा अर्थिंगच्या पट्टीवर कायम टेकलेला हवा, तो सुटला की असले प्रकार जास्त होतात. सप्तकाचे रोलर डाव्या अंगठ्याखाली असतात. अंगठा दोन रोलरांच्या मधोमध राहतोय का ते आरशात बघा, बासरीवाल्यांचा हमखास कलतो. आणि वाजवून झाल्यावर कंट्रोलर लगेच खोक्यात घालू नका. फुंकेचं पाणी खालून निथळू द्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत केबलची पिन ओली राहिली की लवकर गंज धरते.

सुरंगी :

शुद्ध नीसाठी प-ध-नी-सा संथ घोळवत राहा, मृदंग नको, नुसता तंबोरा लावून. आणि भैरवीत नी कोमलच, तोवर निभावून न्या :)