ग्रोथ सेंटर येतंय, पण तिथे पोचायचं कसं? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-४०३: नमस्कार मंडळी. आत्ता एका एजंटचा फोन आला होता. म्हणे ग्रोथ सेंटर झालं की कल्याण-शीळ रोडवर भाव दुप्पट होणार, दुसरा फ्लॅट आत्ताच बुक करा. कोणाला नक्की काही माहिती आहे का?

ए-१०२: भावाचं राहू दे दादा, आधी पाण्याचं विचारा त्याला. मे महिन्यात किती टँकर मागवले आपण, आठवतंय ना.

सी-७०१: मी नगररचनेच्या कामात नोकरी संपवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कल्याण ग्रोथ सेंटर म्हणजे एखादा टॉवर नव्हे, ऑफिसं आणि नोकऱ्या मुंबईबाहेर आणण्यासाठी आखलेला मोठा भाग आहे. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांपैकी १० गावांची, हजार हेक्टरांहून जास्त जमीन आहे ती. निळजे, घेसर, कोळे, हेदुटणे, काटई, उसरघर हे सगळं त्यात येतं. नियोजन एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे.

मूळ विचार मला पटतो. ऑफिसं एका टोकाला आणि घरं दुसऱ्या टोकाला असली की लोकलला कितीही डबे जोडा, गर्दी हटत नाही. नोकऱ्या इकडे यायला हव्यात. पण क्रम चुकला की काय होतं, ते नवी मुंबईत बघा. ती वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ची. आराखडा २० लाख लोकांसाठी. सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे जातील हे त्यात धरलेलं होतं. त्यातल्या बहुतेक गेल्या नाहीत, उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टॉवर उभे राहिले. वाशीचा खाडीपूल १९७३ ला झाला आणि लोकल वाशीला पोचली १९९२ ला! मधल्या काळात ज्यांनी तिकडे घरं घेतली, त्यांनी बसच्या रांगेत काय काढलं असेल बघा. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार तुर्भ्याला नेला, तेव्हा मात्र त्याच्याबरोबर माथाडी आले, व्यापारी आले, ट्रक-टेम्पोवाले, चहावाले आले. काम हललं की माणसं हलतात. नुसती घरं बांधून ते होत नाही.

ए-६०४: काकू, अगदी मनातलं बोललात. मी बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात कामाला जाते. सव्वासहाला रिक्षा, डोंबिवलीहून लोकल, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाची रांग. परत येईपर्यंत लेक झोपलेली असते. मुंब्र्याजवळ ९ जून २०२५ ला माणसं गाडीतून पडली, त्या दिवसापासून मी फोन उचलेपर्यंत आईच्या जिवात जीव नसतो.

सी-७०१: बीकेसीचंच घे ना. दक्षिण मुंबईतली ऑफिसं कमी करायची म्हणून १९७७ मध्ये ते काम हाती घेतलं. ऑफिसं आलीही. पण मेट्रो दारात आली ऑक्टोबर २०२४ ला. ४७ वर्षं माणसं वांद्रे आणि कुर्ला स्टेशनपासून रिक्षा, बस नाहीतर पायी जात राहिली.

बी-२०१: पण आपल्याकडे मेट्रो १२ येतेय की. कल्याण-तळोजा, सुमारे २२ किमी. मार्च २०२४ ला भूमिपूजन झालं. हेदुटणे, कोळेगाव, निळजे अशी स्टेशनं आहेत.

सी-७०१: हो, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण निळज्याला रेल्वे स्टेशन आजही आहे. दिवा-पनवेल मार्गावर दिवसभरात मोजक्या गाड्या. तिथे नियमित लोकल मागूया. आणि ऑफिसांना परवानगी देताना त्याच टप्प्यात मेट्रो, बस आणि पाण्याचं बंधन घाला, ही मागणी लेखी गेली पाहिजे.

डी-००३: एक माझंही लिहा. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून व्हीलचेअर आहे. बसस्टॉप गेटपासून दोनशे पावलांवर, पण आजवर त्यांना तिथे नेता आलेलं नाही. काल मोजलं, फूटपाथची कड ९ इंच उंच. १:१२ चा उतार धरला तर रॅम्पला ९ फूट लांबी लागते आणि तिथे ४ फुटांवर विजेचा डीपी बॉक्स उभा आहे. म्हणून चेअर रस्त्यावरून ढकलायची, डंपर मागून हॉर्न देत असतात, बाबा डोळे मिटून घेतात. अपंग हक्क कायदा २०१६ चा आहे. नव्या रस्त्यांचे नकाशे व्हायच्या आधीच हे सांगितलं तर होईल. नंतर बॉक्स कोण हलवणार?

ए-६०४: दादा, हा मुद्दा पहिला घ्या 🙏

ए-३०५: माझं माहेर यातल्याच एका गावात. भाऊ अजून भात लावतो. जमीन गेल्यावर विकसित प्लॉट कुठे, किती आणि कधी, याचं सरळ उत्तर त्याला कोणी देत नाही. गावाच्या विरोधाला काही जण विकासाचा विरोध म्हणतात, ते ऐकून फार लागतं. रस्ता आणि स्टेशन त्यांनाही हवंय. पत्रात गावांचंही लिहा, नुसतं सोसायट्यांचं नको.

सेक्रेटरी (सी-२०२): लिहिणार ताई, गावकऱ्यांचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात घेतो. काकू, मसुदा तुम्ही बघाल का? रविवारी सकाळी आठला गेट ते बसस्टॉप पूर्ण मोजणी करू, म्हणजे पत्राला मापं आणि फोटो जोडता येतील.

सी-७०१: आणा मसुदा. मोजायचा टेप माझ्याकडे आहे, ३० मीटरचा.

बी-४०३: मीही येतो. एजंटला 'नको' म्हणून कळवलं.

डी-००३: बाबा म्हणतायत, मलाही घेऊन चला.