'जत्रू' आणि आमची हँसली

कुणीतरी विचारलंय, गळ्याखालच्या हाडाला 'जत्रू' कुठून आलं? शब्द जुनाच. वाल्मीकींनी बालकांडाच्या पहिल्याच सर्गात रामाला 'गूढजत्रु' म्हटलंय, म्हणजे ज्याची ही हाडं मांसल खांद्यांत लपलीत असा. (माझी लांबून मोजता येतात!) याच हाडाचा इंग्रजी शब्द 'क्लॅव्हिकल' मूळ लॅटिनमधला, अर्थ 'छोटी किल्ली'. हात डोक्यावर नेला की हे हाड खरंच किल्लीसारखं स्वतःभोवती फिरतं.

आम्हा इंदूरकरांच्या तोंडी मात्र हिंदीतली 'हँसली'. सराफ्यात चांदीची हँसली बघा, गळ्यालगतचं जाड कडं, टेकतं नेमकं याच हाडांवर. लहानपणी सायकलवरून पडलो तेव्हा शेजारच्या भाभी ओरडल्या, "हँसली गई इसकी!" साताऱ्याहून आलेली आजी अंगणात दागिना शोधायला लागली.