येझदी मोटरसायकल गरम झाली की बंद पडते. चवथीआधी (गणेश चतुर्थी) चालू हवी, मदत हवी आहे

अंत्रुजकार: बाबांची येझदी घरीच पूर्ण खोलून पुन्हा बांधली, आठ महिने गेले त्यात. थंड असताना दुसऱ्या किकला सुरू होते. पण फोंड्याहून निघालं की फर्मागुढीचा चढ संपता संपता दम सोडते आणि बंद. अर्धा तास थांबलं की परत जशीच्या तशी. कार्बोरेटर तीनदा साफ केला, प्लग नवा. चवथ बारा दिवसांवर आलीय, बाबांना मागे बसवून गावच्या घरी न्यायचंय. नेमकं काय बदलू ते सांगा.

डिचोलीवाला: साल कोणतं? क्लासिक की रोडकिंग? पॉइंटवाली (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) आहे की इलेक्ट्रॉनिक किट बसवलंय? बंद पडल्यावर ठिणगी बघितली का?

अंत्रुजकार: 1982 ची क्लासिक, पॉइंटवालीच. ठिणगी घरी बघितली, चांगली आहे.

डिचोलीवाला: घरी म्हणजे थंड असताना. मी गरम असतानाची विचारतोय.

मांद्र्याचा वारा: ई20 (20 टक्के इथेनॉलवालं) पेट्रोलमुळे होतं हे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडे तर पावसात भिंतींना पाझर फुटतो. जुन्या गाड्यांचे रबर त्याने फुगतात, टाकी आतून गंजते. माझ्या लॅम्ब्रेटाची टाकी दोन पावसाळ्यांत गेली. आधी टाकी रिकामी करा, तळाला काय साचलंय बघा.

सत्तरीकर: ई20 वाईटच, पण त्याने गाडी बरोबर अर्ध्या तासाने बरी होत नाही. क्रँकची (इंजिनाच्या फिरत्या दांड्याची) सीलं बदललीत का? टूस्ट्रोकला क्लचच्या विरुद्ध बाजूच्या सीलातून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, चढावर मरतं. क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं तेल ओढून धूर मारते. माझं ऐका, इंजिन उतरवा.

डिचोलीवाला: बारा दिवसांत इंजिन उतरवायला सांगता? पाच मिनिटांची तपासणी आधी करू द्या त्यांना. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. नाही गेली तर लगेच प्लग काढून ठिणगी बघा.

सत्तरीकर: सील जुनी असतील तर आज ना उद्या उतरवावंच लागेल.

जुना पणजेकर: शीर्षक वाचून भरून आलं. 1986 च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा मी पर्वरीहून पणजीला कामाला जायचो. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी रांग, पाऊस, आणि माझी येझदी. फळीवरून बोटीत चढवताना किकचीच दांडी गिअर म्हणून पायाखाली असायची, अंधारातही चुकायची नाही. विकायची असेल तर आधी मला विचारा.

अंत्रुजकार: विकायची नाही.

कायदेशीर: पन्नास वर्षं पूर्ण झाली की व्हिंटेज नोंदणी होते, 2021 पासून नियम आहे. नव्या नोंदणीची फी 20,000, तिच्या नंबरात ‘व्हीए’ येतं. पण रोज रस्त्यावर चालवता येत नाही. तुमचा जुना जीडी (गोवा-दमणच्या काळातला) नंबर असेल तर तो तसाच राहतो.

मांद्र्याचा वारा: ते बंद पडण्याबद्दल विचारतायत.

अंत्रुजकार: आज केलं. फर्मागुढीला बंद पडली, झाकण उघडलं, हवेचा आवाज नाही. प्लग काढून इंजिनाला टेकवला, ठिणगी बारीक, पिवळसर लाल. मग कव्हर काढून किक मारली तर पॉइंटमध्येच मोठी निळी ठिणगी उडत होती. पॉइंटची तोंडं काळी पडलीत, नवीन असून.

डिचोलीवाला: कंडेन्सर, म्हणजे पॉइंटमधली ठिणगी शोषणारा छोटा डबा. गरम झाला की तो काम सोडतो, थंड झाला की परत धरतो. कंडेन्सर कधीचा आहे?

अंत्रुजकार: तो नवाच टाकलाय, बेळगावहून पॉइंट आणि कंडेन्सर एकत्र आणले होते, म्हणून लिहिलं नाही.

डिचोलीवाला: हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. नवा म्हणजे चांगला असं नाही, हल्ली मिळणारे बरेच तापले की मरतात. जुना टाकलात का फेकून?

फोंड्याचा इलेक्ट्रिशियन: पॉइंट, कंडेन्सर सगळं काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवा, कायमची कटकट संपेल.

डिचोलीवाला: बाबांची गाडी आहे. त्यात बाबांना कळेल असंच राहू दे.

अंत्रुजकार: जुना बाबांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवला होता, नट, वायसर, तुटलेल्या स्प्रिंगा आणि 1990 च्या आसपासच्या पावत्यांसकट. तो बसवला, पॉइंट घासून 0.4 मिमी गॅप दिला. काल संध्याकाळी फर्मागुढी दोनदा चढलो, मंगेशीपर्यंत जाऊन आलो, एकदाही थांबली नाही. डिचोलीवाले, तुमचे उपकार. सत्तरीकर, सील चवथीनंतर नक्की बघतो, थोडा धूर मारतेच.

बाबा अंगणात बसून ऐकत होते. म्हणाले, ठिणगीचं टायमिंग किंचित मागे आहे. ते मोजायला फोंड्यात कुणाकडे डायल गेज आहे का, एका दिवसासाठी?