मदत हवी आहे : वेरूळच्या फोटोंवर स्पष्ट मत सांगाल का?

वेरूळच्या १६ क्रमांकाच्या, कैलास लेण्याचे फोटो टाकतोय. नुसतं "अप्रतिम" नको, काय खटकतं ते सांगा. लेणं पश्चिमाभिमुख, म्हणून दुपारनंतर गेलो. एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेलं एवढं प्रचंड काम, पण कड्यावरून घेतलेल्या फोटोत मला ते खेळण्यातल्या देवळाएवढं वाटतं. चौकात माणसं ठेवली की आकाराचा अंदाज येतो, पण नजर त्यांच्यावरच अडकते का? सावलीतले दगडी हत्ती उजळले की आकाश पांढरं पडतं आणि एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र जोडणं) केलं तर दगडाचा पोत खोटा दिसतो. कुठला फोटो ठेवू, कुठला काढू? कारण जरूर लिहा. तुमचे फोटो दिलेत तर मीही तितक्याच बारकाईने पाहीन. फक्त त्यात काय दाखवायचं होतं ते आधी सांगा.