हिपॅटायटिस बी : अहवालातील ‘जीनोटाईप डी’चा अर्थ काय?

सहकारनगरकर :
माझ्या धाकट्या भावाने गणेशोत्सवातील शिबिरात रक्तदान केले आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून निरोप आला की त्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी आढळला आहे. पुढील तपासण्यांच्या अहवालात अगदी तळाशी ‘जीनोटाईप डी’ एवढेच लिहिले आहे. त्याच्या आसामच्या सहकाऱ्याच्या अहवालात मात्र ‘सी’ आहे. विषाणू एकच असताना हा फरक का, ‘डी’ अधिक घातक आहे का, आणि पाच वर्षांच्या पुतणीला दिलेली लस या प्रकारावर चालते का, हे कृपया कोणी सांगावे. आईने त्याचे ताट-वाटी वेगळी काढून ठेवली आहे, म्हणून घाईने विचारतो आहे.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी :
या विषाणूचा जनुकसंच जेमतेम ३,२०० अक्षरांचा असतो. त्याची नक्कल आरएनएच्या टप्प्यातून होते आणि ती करणारे विकर (एन्झाईम) आपल्या चुका तपासत नाही, त्यामुळे हजारो वर्षांत वेगवेगळ्या मानवसमूहांत वेगवेगळ्या शाखा तयार झाल्या. संपूर्ण जनुकसंचात सुमारे ८ टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर त्या शाखेला, म्हणजेच जीनोटाईपला, ए, बी, सी असे वेगळे अक्षर दिले जाते. बी आणि सी पूर्व व आग्नेय आशियात, डी भूमध्य समुद्राच्या परिसरापासून भारतापर्यंत, एफ आणि एच अमेरिका खंडांत प्रामुख्याने आढळतात. भारतात डी सर्वाधिक, त्याखालोखाल ए, आणि पूर्वेकडे सी असल्याने त्या सहकाऱ्याच्या अहवालात आश्चर्य काहीच नाही. पश्चिम भारतातील प्रकारांचा अभ्यास आपल्या पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झालेला आहे.

मला स्वतःला ई प्रकाराची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तो पश्चिम आफ्रिकेत सर्वत्र आहे, पण तिथूनच गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या अमेरिकेतील वंशजांत फारसा सापडत नाही, शिवाय त्याच्यातले अंतर्गत वैविध्यही कमी आहे; त्यावरून तो गुलामांच्या व्यापारानंतर फैलावला असावा, असे अभ्यासक मानतात. माणसांच्या स्थलांतराचा असा माग विषाणूत राहतो.

यकृतरोग विभागात काम करणारा :
दादा, अक्षरावरून आजाराची तीव्रता ठरवू नका. सी प्रकारात यकृताच्या कर्करोगाचा धोका बी पेक्षा अधिक दिसतो आणि इंटरफेरॉन या औषधाला ए प्रकार डी पेक्षा चांगला प्रतिसाद देतो, हे खरे. पण टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही विषाणूरोधक औषधे सर्व प्रकारांवर चालतात. डी बाबत एक गोष्ट मात्र नीट पाहा. त्यात जनुकसंचाच्या ‘प्रीकोअर’ नावाच्या भागातील एक बदल सहज टिकून राहतो, त्यामुळे ‘ई-अँटिजेन’ (विषाणू वाढताना रक्तात सोडतो ते प्रथिन; वरच्या ई प्रकाराशी त्याचा संबंध नाही) निगेटिव्ह येऊनही विषाणूची वाढ चालू असू शकते. म्हणून रक्तातील विषाणूचे प्रमाण आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे विकर) या दोन्ही तपासण्या ठरावीक काळाने व्हायलाच हव्यात.

लशीची काळजी नको. विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचा एक भाग सर्व प्रकारांत सामायिक असतो आणि लशीचे संरक्षण मुख्यतः त्याच्याविरुद्ध असते. भावाच्या पत्नीची तपासणी करून गरजेप्रमाणे त्यांनाही लस द्या. हा आजार रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने होत नाही. वस्तरा आणि दात घासण्याचा ब्रश तेवढा वेगळा असावा.

सहकारनगरकर :
दोघांचेही मनापासून आभार. त्याचा ‘ई-अँटिजेन’ निगेटिव्हच आहे आणि त्यावरच आम्ही निर्धास्त झालो होतो. विषाणूच्या प्रमाणाची तपासणी उद्या सकाळी करून घेतो. आईला हे सगळे वाचून दाखवले. ताट मांडणीत परत गेले आहे, दाढीचे सामान वेगळ्या कप्प्यात ठेवले आहे.