जुनी गाडी बघायला जातोय. मला स्वतःला काय काय तपासता येईल?

पहिलीगाडी:
आठ वर्षं जुनी पेट्रोल गाडी आवडली आहे. मालक स्वतःच विकतायत, रनिंग तीस हजार किलोमीटर सांगतात. फोटोत गाडी चकाचक आहे. सौदा जमतोय असं वाटलं तर मेकॅनिकला नेणारच आहे, पण त्याआधी एकटा जाऊन बघायचा विचार आहे. मला गाडी चालवता येते, बॉनेटखालचं फारसं कळत नाही. कशाकडे लक्ष देऊ?

पाना_दहा_बारा:
आधी मालकांना फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर सरळ दुसरी वेळ मागून घ्या. इंजिनाचे बरेचसे आजार थंड असतानाच उघडे पडतात, म्हणून यात मी कधीच तडजोड करत नाही. थंड इंजिन चालू होताना सायलेन्सरमागे उभे राहा. सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येऊन विरली तर काळजी नको. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता मोठी. मग तो सौदा सोडा.

आता चकाचक फोटोंबद्दल. रंग नवा करता येतो, पण गाडीवरच्या तारखा सहसा कुणी बदलत बसत नाही, म्हणून मी आधी त्या शोधतो. टायरच्या कडेला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीवरचेही बघा. तीस हजार रनिंगच्या गाडीला चारही टायर नवे असतील तर का बदलले ते विचारा. वय झालं म्हणूनही बदलतात, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका. पण सोबत ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टेअरिंग झिजून चकाकतंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलीय, असं दिसलं तर तीस हजारावर माझा विश्वास बसणार नाही. काचांवर कोपऱ्यात कंपनीचा छाप असतो. सगळ्या काचांचा सारखा आणि एकीचाच वेगळा असेल, तर ती काच बदललेली आहे. कशामुळे, ते मालकांनीच सांगावं.

मग बॉनेट उघडून मडगार्डचे बोल्ट बघा. कारखान्यात बोल्टवरही रंग बसलेला असतो. पाना लागला की कडा सोलवटतात, म्हणजे मडगार्ड कधीतरी खोललंय. दारांचं रबर बीडिंग थोडं उचला, खाली रंगाचा तुटक काठ किंवा रबरावर रंगाचे शिंतोडे दिसले तर तो भाग पुन्हा रंगवलाय. नुसत्या ओरखड्यासाठी रंगवलेलं मला चालतं. पण डिकीतला कार्पेट काढल्यावर स्टेपनीच्या खड्ड्यात पत्रा ठोकून सरळ केलेला दिसला, तर गाडीला मागून जबर मार बसलाय. तिथे मी थांबतो.

कोरडा_कार्पेट:
वरच्यात एक भर. गाडी पुरात बुडाली होती का ते नक्की बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग लोक धुतात, आत गुंडाळलेला पट्टा तसाच राहतो. त्यावर चिखलाची रेघ किंवा बुरशीचा वास आला तर गाडी घेऊ नका. सीटखालचे बोल्ट आणि रूळ गंजलेत का, तेही हात घालून बघा. बुडालेल्या गाडीची वायरिंग नंतर कधी दगा देईल सांगता येत नाही.

तिसरा_गियर:
चालवून बघताना रेडिओ बंद, काचा खाली. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, चाकाकडून कट-कट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा सांधा) गेलाय. वरच्या गियरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडीने वेग घेतला नाही तर क्लच प्लेट संपत आलीय. ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर तेही लिहून ठेवा.

आणि चेसिस नंबर. सतरा अक्षर-आकड्यांचा असतो, त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू कधीच नसतात. गाडीवर जिथे जिथे दिसेल तिथला आणि कागदांवरचा एकेक अक्षर लावून बघा. नंबर ठोकलेल्या जागी घासल्याची खूण असेल तर पैशाचं बोलूच नका.

पहिलीगाडी:
खूप आभार, सगळं वहीत उतरवलं. मित्राकडे ओबीडी स्कॅनर आहे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. त्यात एकही कोड आला नाही तर इंजिन ठीक समजायचं का?

पाना_दहा_बारा:
नाही. कोड पुसायला मिनिटसुद्धा लागत नाही. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' उघडा. गाडीच्या कॉम्प्युटरने आपल्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते त्यात दिसतं. बरेच मॉनिटर अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. चावी ऑन केल्यावर इंजिनाचा आणि एअरबॅगचा दिवा लागायला हवा. एअरबॅगचा काही सेकंदांत आणि इंजिनाचा इंजिन चालू झाल्यावर विझायला हवा. लागलाच नाही तर दिवाच काढून ठेवला असेल. मॉनिटर अपूर्ण असतील तर मालकांना गाडी काही दिवस नेहमीसारखी वापरू द्या, आणि मेकॅनिकला घेऊन जाल तेव्हा पुन्हा स्कॅन करा. तोवर बयाणा देऊ नका.